शिफ्टवरची अक्षरं

मास्तरांनी डाव्या हाताने दुरुस्तीवाल्याच्या मनगटावर फटका मारला. फटक्यात जोर नव्हता, पण तो बरोबर हाडावर बसला. कीबोर्डवर वाकलेल्यांची मनगटं फटकावण्यात मास्तरांचा जन्म गेला होता.

"अहो काका, मारताय काय?" दुरुस्तीवाला खुर्चीसकट मागे सरकला. "तुम्हीच बोलावलंत ना मला?"

"मी बोलावलं," दारात उभी असलेली मास्तरांची थोरली म्हणाली. "त्यांनी नाही."

मास्तर काहीतरी बोलले. झटका आल्यापासून त्यांचा आवाज ओलं फडकं पिळल्यासारखा येत होता. त्यातला राग कळायचा, शब्द कळत नसत. डॉक्टर म्हणाले होते, डोकं शाबूत आहे, उजवं अंग आणि जीभ तेवढी गेली. 'तेवढी' हा शब्द थोरलीला दवाखान्यातून घरी येईपर्यंत टोचत होता.

पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली 'चुकीचा' असं इंग्रजीत लिहून आलं होतं.

"त्यांनी पासवर्ड मराठीत ठेवलाय," थोरली म्हणाली.

"मराठीत म्हणजे? इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द?"

"नाही. मराठी अक्षरांत. क, ख, ग."

दुरुस्तीवाल्याने मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "असं कोण ठेवतं हो? कोपऱ्यात बघा, कीबोर्ड इंग्रजीवर आलाय. मघापासून काका मराठी समजून दाबतायत आणि आत इंग्रजी पडतंय. पासवर्डचे ठिपके काय, सगळ्या भाषांत सारखेच." त्याने कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारून कीबोर्ड मराठीवर आणला. "हं. आता शब्द सांगा. मी घालतो."

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले.

"बोलता येत नसेल तर डाव्या हातानं लिहून दाखवा."

त्याने पुढे केलेलं पेन मास्तरांनी टेबलाच्या कडेपर्यंत ढकललं आणि खाली पाडलं.

"मग माझ्याकडं एकच इलाज आहे. सगळं पुसून मशीन कोरं करायचं. आतलं काही राहणार नाही." असं म्हणत त्याने पुन्हा कीबोर्डकडे हात नेला आणि दुसरा फटका खाल्ला.

जाताना तो जिन्यात थोरलीला म्हणाला, "बाई, आधी वडिलांना आवरा. मशीनचं नंतर बघू."

"तुम्हीच आवरून दाखवा," थोरलीने सांगितलं आणि दार लावून घेतलं.

मास्तरांचा टायपिंगचा क्लास होता. आधी यंत्रं होती, मग संगणक आले. यंत्रं भंगारात गेली, पण शिस्त तीच राहिली. पाठ ताठ, मनगट वर, नजर कागदावर. बोटांकडे पाहिलं की पट्टी. या क्लासमधून निघालेली मुलं कचेऱ्याकचेऱ्यांतून बसली होती आणि रस्त्यात मास्तर दिसले की अजूनही हात मागे घेत होती.

थोरलीही त्याच क्लासला होती. परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवशी मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर तिचं नाव खोडलं. "हिची बोटं आळशी आहेत. क्लासचं नाव घालवील." घरी त्यांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. त्यानंतर तिने कीबोर्डला हात लावला नाही. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायला लागली. तिथे बोटांना कोणी नावं ठेवत नव्हतं.

पुढे लग्न झालं, नवऱ्याशी पटलं नाही, ती परत आली. मास्तरांनी दार उघडलं, पण 'ये' म्हणाले नाहीत. तेव्हापासून दोघं एका घरात भांडत होती. पंख्यावरून, पाण्यावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून. आई होती तोवर मधे पडायची. ती गेल्यावर मधे कोणीच उरलं नाही.

धाकटा परदेशात होता. मास्तरांचं त्याच्याशी लिहिणं-बोलणं सगळं संगणकावर चालायचं. पासवर्ड तेव्हा इंग्रजीत होता, धाकट्याचं लाडाचं नाव. ते थोरलीने पहिल्याच प्रयत्नात ओळखलं. मास्तर बाहेर गेले असताना तिने मशीन उघडलं आणि बाप-लेकाचं लिहिणं वाचलं. धाकट्याने विचारलं होतं, ताई काय म्हणते? मास्तरांनी उत्तर दिलं होतं, 'आहे म्हणून आहे.'

त्या दिवशी जेवताना तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे आदळला. "घ्या. आहे म्हणून देते."

मास्तरांचा घास हातात राहिला. "माझं मशीन उघडलंस?"

"उघडलं. कुलूप लावायचं तर धड लावावं माणसानं."

"चोर आहेस तू."

"घरातलीच आहे. आहे म्हणून आहे."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पासवर्ड बदलला. या वेळी मराठी अक्षरांत. घरात मराठी कीबोर्ड कोणाला येत नाही, असा त्यांचा हिशेब होता. थोरलीला एकेकाळी त्यांनीच शिकवला होता, हे त्यांनी धरलंच नव्हतं. तिच्या बोटांत काही टिकत नाही, याची त्यांना खात्री होती.

दुरुस्तीवाला गेल्यानंतरचे दिवस वाईट गेले. थोरली सकाळी त्यांचं अंग पुसायची, दाढी करायची, भरवायची आणि कामावर जायची. दुपारी खालची शेजारीण बघायला यायची. मास्तर घास तोंडाबाहेर ढकलायचे. थोरली तोच घास चमच्याने गोळा करून परत आत घालायची. "थुंका. मला काय, मी परत भरवीन." तिने एकदा स्वतःचा फोन लिहायला म्हणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटा करून ठेवला.

"मग काय हवंय ते सांगा तरी."

त्यांनी घशातून काहीतरी काढलं.

"कळत नाही. सगळा जन्म आमच्यावर तोंड सोडलंत, आता लागलं त्याला कुलूप." बोलून झाल्यावर तिला ते फार झालं असं वाटलं. पण तिने ते परत घेतलं नाही. या घरात कोणी काही परत घेत नसे.

एका सकाळी ती न्हाणीघरातून गरम पाणी घेऊन आली तेव्हा मास्तर स्वतःच पाय ओढत टेबलापाशी जाऊन बसले होते. मशीन चालू होतं. कोपऱ्यात मराठीची खूण होती. दुरुस्तीवाल्याने चूक दाखवल्यापासून ते आधी ती खूण बघत. ती दारातच थांबली.

मास्तरांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला. गाठोडं ठेवावं तसा तो कीबोर्डच्या कडेला शिफ्टच्या बटणावर ठेवला. मग डावा हात सोडून दुसऱ्या बटणाकडे नेला. तेवढ्यात उजवा हात घसरून मांडीवर पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. एकट्या डाव्या हाताने दोन्ही बटणं दाबायला गेले तर बोटं थरथरून भलत्याच अक्षरावर जात होती.

थोरलीला एकदम कळलं. त्या कीबोर्डवर ग साधा, घ शिफ्ट दाबून धरलं तरच. द साधा, ध शिफ्टवर. ल साधा, ळ शिफ्टवर. अ-आ-इ-ई सगळे शिफ्टवर. त्यांचा शब्द शिफ्टशिवाय पुरा होत नव्हता. हे सगळं आपल्याला अजून येतं, याचा तिला रागच आला.

तिने पाणी खाली ठेवलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन शिफ्टवर बोट ठेवलं. "मी दाबून धरते. तुम्ही अक्षर दाबा."

मास्तरांनी तिचा हात झटकला.

"विश्वास नसेल तर राहू दे. बसा मुके."

ती पाण्याकडे वळली तशी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. ती थांबली. त्यांनी हनुवटी वर करून समोरची भिंत दाखवली.

"काय? भिंतीकडं बघू?"

हनुवटी पुन्हा भिंतीकडे.

"बघते. तुमच्या शब्दाला काय सोनं लागलंय."

ती तोंड भिंतीकडे करून उभी राहिली, उजवा हात मागे शिफ्टवर. त्यांनी डावा पाय तिच्या पायावर आपटला. तिने दाबलं. पुन्हा आपटला, सोडलं. बटणं अडखळत वाजत होती. मशीनने नको म्हटलं. पुन्हा तसंच. पुन्हा नको. मग मशीननेच थोडा वेळ थांबायला सांगितलं.

"पाय लागला तेव्हाच दाबलं मी," ती भिंतीला म्हणाली. "आणि लाथ मारायची नाही. नुसतं बोट लावायचं पायाचं. मी तुमच्या वर्गात नाही आता."

मास्तर जोराने श्वास घेत होते. शेजारच्या कपाटाच्या काचेत तिला त्यांचा चेहरा दिसला. म्हणजे त्यांनाही तिचे डोळे दिसत असणार. ती काचेवरून नजर काढून सरळ भिंतीतल्या खिळ्याकडे पाहू लागली.

पुढच्या वेळी त्यांनी नुसता अंगठा लावला. मशीन उघडलं.

मास्तरांनी लिहायची खिडकी उघडली आणि तिच्या पायाला अंगठा लावत, सोडत एक वाक्य पुरं केलं. मग कोपराने तिला ढोसलं. तिने वळून वाचलं. इतक्या दिवसांनी बापाचा पहिला शब्द काय येतो याची तिला उत्सुकता होती, नाही म्हणायला.

'दाढी वाईट करतेस.'

"मग स्वतः करा," थोरली म्हणाली. "नाहीतर बोलवा लेकाला विमानानं." आणि ती निवलेलं पाणी पुन्हा तापवायला घेऊन गेली.

तेव्हापासून सकाळचा हा एक उद्योग झाला. अंग पुसून झालं की भिंत. मशीन उघडलं की ती कामावर जायला मोकळी. ती नसताना मास्तर एकट्या डाव्या हाताने लिहीत, पण शिफ्टची अक्षरं त्यांना दिवसभर बंद. तिचा हात मागायचा नाही म्हणून ते असे शब्द शोधून काढत, ज्यांत तिची गरज पडणार नाही. संध्याकाळी ती घरी आली की पडद्यावर तिच्यासाठी हुकूम असायचे. पाणी लिहायला ण शिफ्टवर, म्हणून 'जल'. औषध जमत नाही, म्हणून 'दवा'. पंखा लाव म्हणायचं तर 'वारा'.

"जल हवंय महाराजांना," थोरली भांडं भरत म्हणायची. "दवा पण देते. वारा घालायला दासी पाठवू?"

त्यावर 'नको' यायचं. 'पुरे' यायचं. 'जा' तर रोजचंच होतं.

एकदा तिच्या हातातून औषधाची गोळी सुटून कपाटाखाली गेली. मास्तरांनी टेबल वाजवलं. ती आली. त्यांनी भिंत दाखवली नाही, नुसता पायाला अंगठा लावला. तिने शिफ्ट दाबलं, सोडलं आणि वाचलं. 'गाढव.'

"बघा," ती म्हणाली. "मला गाढव म्हणायलासुद्धा माझाच हात लागतो तुम्हाला."

मास्तरांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. हसले असतील, नाहीतर आणखी एक शिवी गिळली असेल. थोरली कपाटाखाली हात घालून गोळी शोधत राहिली. तिलाही चेहरा लपवायला ती जागा बरी पडली.

सुटीच्या दिवशी धाकट्याचा फोन संगणकावर आला. त्याचा चेहरा पडदाभर झाला. मागे त्याच्या घरातला दिवा होता. मास्तर ताठ बसले. शर्टाची वरची गुंडी थोरलीने मघाशी लावली होती, ती त्यांनी एका हाताने पुन्हा चाचपली.

"नाना, बरे दिसताय की," धाकटा म्हणाला. "ताई, तूही आहेस का तिथं? बरं झालं. त्या मशीनचा पासवर्ड मला पाठवून ठेव."

"मला माहीत नाही."

"रोज तू मशीन उघडून देतेस, म्हणूनच नाना मला लिहितात ना. आणि माहीत नाही?"

"मी शिफ्ट धरते. शब्द ते घालतात."

"मग दिसत नाही तुला?"

"भिंतीकडं बघते मी."

धाकटा हसला. "कोणाला सांगतेस? पूर्वी उघडलं होतंसच की. हे बघ, भांडायचं नाही मला. उद्या नानांना काही झालं तर ते मशीन उघडायचं कसं? सगळं त्यातच आहे."

"नाना इथंच बसलेत," थोरली म्हणाली. "त्यांना ऐकू येतं. जीभ गेलीय, कान नाही."

मग धाकटा आवाज मऊ करून म्हणाला, "तसं नव्हतं म्हणायचं. नाना, तुम्हीच लिहा. ताई नीट बघते ना तुमचं? काही त्रास तर देत नाही? मोकळेपणानं लिहा."

मास्तरांनी कीबोर्ड ओढला आणि हनुवटीने भिंत दाखवली.

थोरलीची कानशिलं तापली. म्हणजे आता माझी चुगलीही माझ्याच बोटाने लिहायची. हात काढून घ्यावा, असं तिला मनापासून वाटलं. बसू दे, शिफ्टशिवाय जे जमेल ते लिहू दे. पण धाकटा बघत होता आणि त्याच्यासमोर बापाला थरथरत्या हाताने बटणं शोधायला लावायची, हेही तिला नको होतं. ती भिंतीकडे वळली आणि हात मागे नेला. अंगठा लागला. सुटला. थोड्या वेळाने पुन्हा लागला, पुन्हा सुटला. वाक्य फार लांब नव्हतं.

"'भांडते,'" धाकट्याने तिकडून मोठ्याने वाचलं. मग पुढचं यायची वाट बघून तेही वाचलं. "'पण शब्द बघत नाही.'"

"पण कुठला आहे तो शब्द?" धाकट्याने विचारलं.

मास्तरांनी उत्तर लिहिलं नाही. थोरलीचं बोट अजून शिफ्टवर होतं. ते तिने काढून घेतलं आणि साडीला उगाचच पुसलं. भिंतीकडून वळायला तिला जरा वेळ लागला.

"बरं, नका सांगू," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता परक्या माणसासारखा झाला होता. "पण ताई, त्यांनी रोज तुझ्यावर कशाला अवलंबून राहायचं? एक सोय असते. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाब. एक चौकट येईल, तिला हो म्हण. मग शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. आधी शिफ्ट दाबायचं, सोडायचं, मग अक्षर. एका हातानं सगळं होतं. पासवर्डच्या पडद्यावरही असंच करायचं. तुझीही कटकट सुटेल."

ती चौकट थोरलीने आधीही पाहिली होती. भांडणाच्या भरात शिफ्ट भराभर दाबलं गेलं की यायची, टुणकन वाजायची. वाचायचा कंटाळा म्हणून ती दर वेळी नाही म्हणून घालवायची.

तिने शिफ्ट पाच वेळा दाबलं. चौकट आली. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पडद्याकडे पाहत होते, धाकट्याकडेही नाही, त्या चौकटीकडे. अजून नाही म्हणता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं.

तिने हो दाबलं.

"करा बघू आता तुमचं तुम्ही," ती म्हणाली.

मास्तरांनी शिफ्ट दाबून सोडलं, मग एक अक्षर. ध उमटला. मग भ. मग घ. वर्गात नवीन मुलांकडून घोटून घ्यायचे तशी ते एकेक बंद अक्षर काढत बसले. धाकटा तिकडून "वा नाना, वा" म्हणत होता. थोरली भांडी घासायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांचं अंग पुसलं, त्यांना टेबलापाशी बसवलं, मशीन चालू करून दिलं. मग केस विंचरले, डबा पिशवीत घातला. रोजच्यापेक्षा वेळ जास्त उरला होता, त्याचं काय करावं तिला सुचेना. ती चप्पल घालून दारात आली.

टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज झाला.

"आता काय?"

ती परत आत आली. पडद्यावर पासवर्डची चौकट तशीच रिकामी होती. त्यांनी एकही अक्षर घातलं नव्हतं.

"माझा हात लागत नाही आता. काल दाखवलं ना त्यानं? पाच वेळा दाबा, हो म्हणा."

मास्तरांनी मान हलवली. ते त्यांना येत होतं. त्यांनी हनुवटी वर केली आणि भिंत दाखवली.

"मी निघालेच होते. गेल्यावर दिसलं असतं का मला तुमचं?"

हनुवटी तशीच राहिली.

"उशीर झाला तर दुकानदार तुमच्यावर ओरडणार नाही, माझ्यावर ओरडेल."

हनुवटी खाली आली नाही. थोरलीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग पिशवी जमिनीवर ठेवली, रोजच्या जागी त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात कुठे ठेवायचा ते तिला कळेना. तो तिने दुसऱ्या हातात धरून ठेवला.

मागे चौकट टुणकन वाजली. मग बटणं वाजायला लागली, एक, थांबून दुसरं, मग बरंच थांबून तिसरं. तिच्या पायाला काही लागलं नाही. ती हलली नाही. शब्द पुरा होऊन मशीन उघडेपर्यंत ती तशीच उभी होती.